थोरल्या घंटेचा दुसरा पट्टा

स्कार्थबीच्या चर्चच्या मनोऱ्यात सहा घंटा आहेत. त्या शनिवारी सकाळी रोवेना टास्कर घंटांच्या लाकडी चौकटीवर पोटावर पडून, हात खाली सोडून, एकेका लोलकाला कातड्याची टोपी बांधत होती. दुपारी जुन्या घंटावाल्या सिरिल ब्रॅकनबरीला मूठमाती द्यायची होती आणि त्यानंतर त्याच्यासाठी घंटा वाजवायच्या होत्या. माणूस गेला की इथे घंटा उघड्या वाजवत नाहीत. लोलकाच्या एकाच बाजूला कातडं बांधतात. मग एक ठोका खणखणीत येतो आणि दुसरा दबका, लांबच्या शेतातून कुणी पहिल्याची नक्कल करावी तसा.

टोप्या रोवेनाने स्वतः शिवल्या होत्या. जुन्या खुर्च्यांना आणि कोचांना कापड-कातडं चढवणं हाच तिचा धंदा. प्रत्येक टोपीला दोन पट्टे, प्रत्येक पट्ट्याला बक्कल, आणि बक्कलातून काढलेलं टोक परत आत खोचायचं म्हणजे हलत नाही. पाच घंटा झाल्या होत्या. सहावीला, सगळ्यांत मोठीला, इथे थोरली म्हणतात. तिच्या टोपीचा पहिला पट्टा बसला. दुसऱ्याचं टोक बक्कलापर्यंत आलं आणि तेवढ्यात जिन्याच्या झडपेतून एक डोकं वर आलं.

"रोवेना. अगं, रोवेना. ऐकतेयस का?"

चर्चच्या उपदेशिका ज्युडिथबाई धापा टाकत होत्या. त्यांनी बहुतेक बऱ्याच हाका मारल्या असाव्यात. रोवेनाला शेवटची तेवढी ऐकू आली, आणि तीही पाठीत कुणी बोट खुपसावं तशी.

"हॉलची किल्ली कुणाकडे असते गं? कपबश्या आत, आम्ही बाहेर."

"हेझलकडे."

"हेझल कुठेय?"

"मला माहीत नाही. किल्ली तिच्या निळ्या कोटात असते. कोट खाली बाकावर आहे."

"देव भलं करो तुझं," ज्युडिथबाई म्हणाल्या. तरी त्या लगेच गेल्या नाहीत. टोप्या किती सुबक आहेत, सिरिलला किती आवडल्या असत्या, चहाला तरी थांबशील ना, असं बोलून मग त्यांचं डोकं खाली गेलं.

रोवेना परत वळली. हातात टॉर्च होता. सहा घंटांना सहा टोप्या दिसत होत्या. ती उठली, पिशवी भरली आणि खाली आली. थोरल्या घंटेच्या दुसऱ्या पट्ट्याचं टोक बक्कलात नुसतं अडकून राहिलं होतं.

असं तिच्या हातून एरवी होत नसे. पण कामात असताना तिला कुणी मधेच बाहेर ओढलं, तर ती परत त्याच जागी येऊ शकत नसे. चारचौघांच्या डोक्यात सगळे नळ थोडे थोडे चालू असतात. एकाखाली बादली भरतेय, दुसऱ्याखाली भांडी घासली जातायत, आणि कुणाचंच काही अडत नाही. रोवेनाच्या डोक्यातल्या घरात पाणी एकाच नळाला यायचं, पण काय धार यायची. तो बंद करून दुसरा सोडायला लावला की आधीची बादली कुठवर भरली होती हे तिला सांगता येत नसे. आणि बाहेरच्या जगाने सगळे नळ एकदम सोडले, म्हणजे दुकानातलं गाणं, वरच्या नळीदिव्याची गुणगुण, मागच्या बाईचं अत्तर, पोराचं रडणं, गल्ल्यावरचं बीपबीप, की घरात पूर यायचा. मग तोंडातून शब्द निघत नसे. तिथून निघून जाणं एवढंच उरायचं.

शाळेत ती टेबलाखाली बसायची. आई तिला दर रविवारी चर्चला आणायची, आणि तिथेही ती बाकाखालीच असायची. एकदा ती तिथून नाहीशी झाली आणि वरच्या दोरांच्या खोलीत सापडली. सहा माणसं गोल उभी राहून दोर ओढत होती आणि ती भिंतीला टेकून दोरांकडे बघत होती. सिरिल तेव्हा दुधाचा टँकर चालवायचा. त्याने तिला नाव विचारलं नाही की वय विचारलं नाही. घंटा थांबल्यावर तो म्हणाला, "काय दिसलं पोरी?"

"तो दोर त्या दोराच्या मागे जातोय. आणि मग पुढे."

"नीट दिसतंय तुला," सिरिल म्हणाला. पुढच्या आठवड्यात त्याने तिच्या हातात दोर दिला.

लोक तिच्या आईला विचारायचे, पोरीला मिक्सरचा आवाज सोसत नाही आणि एवढाल्या घंटा कशा सोसतात? उत्तर तसं साधं होतं. मिक्सर कधी सुरू होईल ते दुसऱ्याच्या हातात असतं. घंटा कधी वाजणार ते रोवेनाला आधी कळायचं, कारण तो आवाज तीच पाच जणांच्या जोडीने बनवत असायची.

चाळिशी उलटल्यावर एका डॉक्टरणीने तिला ऑटिस्टिक म्हणतात ते तू आहेस, असं सांगितलं. तिने ते सिरिलला सांगितलं.

"म्हणजे आता काय बदललं?" त्याने विचारलं.

"नाव मिळालं."

"बरं झालं. दोर धर."

पण चार वर्षांपूर्वी एक गोष्ट घडली होती, आणि ती गावातल्या घंटावाल्यांपैकी कुणीच विसरलं नव्हतं. त्या दिवशी पील चालू होती. पील म्हणजे पाच हजारांवर फेऱ्या, एका दमात, जवळजवळ तीन तास. मध्ये पाणी नाही, बसणं नाही, बदली माणूस नाही. एकाने दोर सोडला की सगळ्यांचं बुडालं. दोन तास होऊन गेले होते आणि रोवेनाने आपली घंटा तोंड वर करून तोलावर उभी केली, दोर सोडला आणि जिना उतरून घरी गेली. भिंतीवरच्या धुराच्या घंटीची, म्हणजे धूर झाला की इशारा देणाऱ्या डबीची, बॅटरी संपत आली होती आणि ती मधूनमधून चिर्र करत होती. कधी करील याचा नेम नव्हता. दुसऱ्या कुणाला ती ऐकूसुद्धा आली नव्हती.

"दोन तास," ट्रेव्हर तेव्हापासून सांगत आलाय. "माझ्या आयुष्यातले दोन तास एका चिर्र पायी."

त्यानंतर रविवारच्या साध्या वाजवणीला तिला बोलवत, पीलला कधीच नाही. सिरिल अंथरुणाला खिळला तेव्हा त्याने आपल्या लेकीला, हेझलला, जवळ बोलावून सांगितलं होतं, "माझ्या वेळी तिसरी घंटा आपल्या रोला द्या." हेझलने ते रोवेनाला जसंच्या तसं सांगितलं. त्या दिवसापासून रोवेनाला नीट झोप नव्हती. सिरिलची पील मातीच्या दिवशी, एकदाच होणार होती. तिने आजही दोर सोडला असता तर ती पुन्हा वाजणार नव्हती.

*

माती झाल्यावर सहा जण वर जमले. हेझल साठीची, बापासारखीच रुंद खांद्यांची, आज चौथ्या घंटेवर. हाका तीच देणार होती. थोरलीवर ट्रेव्हर, गावातलं मटणाचं दुकान त्याचं. उरलेले तिघे शेजारच्या गावाहून आले होते: निकोला, तिचा नवरा आणि ग्लिन. ग्लिनने सळसळणारं प्लास्टिकचं जाकीट घातलं होतं.

"ते काढ," हेझल म्हणाली.

"थंडी आहे गं."

"दहा मिनिटांत घाम येईल. काढ."

तिने आधीच सगळं बघून ठेवलं होतं. धुराच्या घंटीत नवी बॅटरी, नळीदिवा बंद, खिडकीतून येईल तेवढाच उजेड. दाराजवळच्या खुंटीवर रोवेनाचं नारिंगी कानटोपं, करवतीचा आवाज अडवायला लाकूडतोडे घालतात तसलं. ते घालून ती रस्त्याने यायची आणि जिना चढल्यावर काढून ठेवायची. इथे त्याची गरज कधीच पडली नव्हती.

ट्रेव्हर तिच्या बरोबर समोर उभा राहिला. सहाच्या गोलात तिसऱ्याच्या समोर सहावा येतो. त्याने अंत्यविधीसाठी घाईत दाढी केली होती आणि हनुवटीवरच्या कापल्या जागी कागदाचा कपटा चिकटवला होता.

"काय रोबाई," तो हातावर थुंकल्यासारखं करत म्हणाला. "आज घरी जाताना सांगून जाणार ना?"

"मी जाणार नाही आहे."

"मागच्या वेळी पण तू असंच म्हणाली होतीस."

"मागच्या वेळी मला कुणी विचारलं नव्हतं," रोवेना म्हणाली. ते खरंच होतं.

ग्लिन हसला. हेझल म्हणाली, "ट्रेव्हर, आज बाबांचा दिवस आहे. तोंडाला तूही टोपी बांध."

सगळ्यांनी दोर धरले. निकोलाने धाकटी घंटा तोलून धरली. "लक्ष द्या," ती म्हणाली. "निघाली." आणि मग, "गेली."

घंटा दोराने अशी ओढतात की ती पुरती उलटी फिरून तोंड आकाशाकडे करते आणि क्षणभर तोलावर थांबते. तो क्षण लांबवला की ती उशिरा वाजते, आखडला की लवकर. माणसाच्या हातात एवढंच. आणि एवढ्यावरच पाच घंटा दर फेरीला आपापसात जागा बदलत राहतात. समोर कागद नसतो. कोण कुणाच्या मागे जाणार ते डोक्यात, हातांत आणि डोळ्यांत. ठरावीक जागी हेझल हाक देते आणि तेव्हा वाट बदलायची. थोरली तेवढी जागा सोडत नाही; दर फेरीचा शेवट तिचा. गाण्यात समेवर यावं तसे सगळे तिच्यावर येतात.

पहिल्या काही फेऱ्यांत रोवेनाचे खांदे ताठ होते. मग ते सुटले. खणखणीत फेरी, दबकी फेरी, खणखणीत, दबकी. पाच दोरांच्या पाच वाटा तिला वेणीच्या पेडांसारख्या दिसू लागल्या. आपला पेड याच्या पुढून, त्याच्या मागून. खोली गेली. हात गेले. उद्या गेला. हेझलची हाक आली की ती पाण्यात मीठ विरावं तशी आत उतरायची आणि वाट आपोआप वळायची. सिरिल खड्ड्यात आहे हेही तिला आठवत नव्हतं. किंवा आठवत होतं, पण ते त्या वेणीतच गुंफलेलं होतं.

अर्धी पील झाली असेल. दबकी फेरी चालू होती, आणि तिच्या शेवटी थोरली खणखणीत वाजली.

रोवेनाची नजर छताकडे गेली.

पुढची फेरी खणखणीत असायची, तिच्या शेवटी थोरली मुकी. त्यापुढे बरोबर. बरोबर. मग ना उघडी ना दबकी, ओल्या पोत्यावर काठी मारावी तशी. मग परत बरोबर. वर कातड्याची टोपी लोलकावर फिरत होती, कधी इकडे, कधी तिकडे.

ट्रेव्हरने भुवया वर केल्या. हेझल म्हणाली, "चालू ठेवा."

दुसरा पट्टा. रोवेनाला आता तो लख्ख दिसला: बक्कल, टोक, आणि झडपेतून वर आलेलं डोकं. त्याच्या पुढचं काही दिसत नव्हतं, कारण पुढचं तिने केलंच नव्हतं. तिच्याच हातची चूक तिच्या डोक्यावर टांगलेली होती आणि दर फेरीला वाजत होती.

पुढचा ठोका कसा येईल ते कळेना. तिचं सगळं लक्ष त्या एका ठोक्याची वाट बघू लागलं, आणि लक्ष तिकडे गेल्याबरोबर खोली परत आली. सगळी एकदम आली. ग्लिनच्या बुटाची किरकिर. निकोलाच्या तोंडातल्या खोकल्याच्या गोळीचा वास, डोळ्यांत जाणारा. मानेपाशी ब्लाउजची शिवण. खिडकीतल्या उजेडाची पट्टी, तिच्यातून दोर गेला की फटकन पांढरा होणारा. दोर काथ्यासारखा खरखरीत. आणि थोरली, कधी अशी, कधी तशी, कधी मधलीच.

"तिसरी, पाचवीच्या मागे," हेझलचा आवाज आला. रोवेना चुकली होती. तिने घंटा रोखून धरली, पाचवीला जाऊ दिलं आणि मागे शिरली. बसली जागेवर, जेमतेम. आणखी एकदा असं झालं तर सगळे एकमेकांत अडकणार आणि हेझलला थांबा म्हणावं लागणार होतं.

घंटा तोलावर उभी करायची आणि दोर सोडायचा, एवढंच करायचं होतं. हातांना ते ठाऊक होतं. चार वर्षांपूर्वी त्यांनी तिला न विचारता केलं होतं. तिने काही बोलायचा प्रयत्न केला. तोंड उघडलं, आवाज नव्हता. सिरिल म्हणायचा, कान गेले तर डोळ्यांनी वाजव. पण कान जायला हवे होते ना. ते तर सगळ्या दारांसकट उघडे होते.

आणि त्याच वेळी दार उघडलं.

"माफ करा हं," ज्युडिथबाई दारातून कुजबुजल्या. खालच्या हॉलमधला गलका त्यांच्याबरोबर जिन्याने वर आला. "खाली सगळे विचारतायत, मोठी घंटा फुटली का म्हणून."

रोवेनाचे हात वर गेले होते. ते खाली येताना बोटं सैल होऊ लागली. हेझल श्वास घेऊन तोंड उघडत होती.

"दार लावा," ट्रेव्हर म्हणाला.

घंटा चालू असताना हाक देणाऱ्याशिवाय कुणी बोलत नाही. ट्रेव्हर पस्तीस वर्षं वाजवत होता आणि या खोलीत त्याने असं कधीच केलं नव्हतं. पण थोरलीवरच्या माणसाला जागा बदलायची नसते, त्याला बोलायला दम उरतो.

"बाई, दार लावा. खुंटीवर नारिंगी टोपं आहे. ते काढा. तिच्या कानांवर चढवा."

"कुणाच्या?"

"माझ्या नव्हे. तिसरीच्या. बाजूने जा, तिला दिसेल असं. दोराला लागू नका, डोकं फुटेल. आणि तिच्या अंगाला हात लावू नका." त्याने थोरली ओढली. ती पोत्यासारखी वाजली. "रो. ए रो. टोपं घातलंस की हेझल ऐकू यायची नाही. माझ्याकडे बघ. हाक आली की मान खाली करतो. कळलं?"

रोवेनाला होय म्हणता येईना. तिने डोळे मिटून उघडले.

ज्युडिथबाई भिंतीला घसटत, पोट आत घेत तिच्या बाजूला आल्या. रोवेनाचे हात डोक्यावर गेले की त्या मागे सरायच्या, खाली आले की पुढे. तिसऱ्या खेपेला टोपं बसलं, एका बाजूला वाकडं. त्यांनी ते बोटाच्या टोकाने सरळ केलं आणि दोन्ही हात वर करून मागे झाल्या, जणू पोलिसांनी पकडलंय.

जग लांब गेलं. पूर ओसरला नाही, पण चढायचा थांबला. थोरलीचा ठोका आता तळपायांतून येत होता, अजून वेडावाकडाच. पण त्याच्याकडे दुर्लक्ष करता येत होतं, कारण दुसरं काम पुढ्यात होतं. आणि ते काम भयंकर होतं. तिला माणसाच्या तोंडाकडे बघायचं होतं.

रोवेना कुणाच्या तोंडाकडे फार वेळ बघत नसे. डोळ्यांत डोळे गेले की तिला उघड्या विजेच्या तारेला हात लागल्यासारखं व्हायचं. तिने जागा शोधली. हनुवटी. कापलेल्या जागेवरचा कागदाचा कपटा, मधोमध लाल ठिपका असलेला. ती त्या ठिपक्याला धरून राहिली. दोर डोळ्यांच्या कडेने दिसत होते. वेणी परत विणायला लागली, आधी घट्ट आणि ओबडधोबड, मग थोडी सैल. कपटा खाली गेला. हाक. तिने वाट बदलली. पाचवीच्या पुढे, दुसरीच्या मागे. बरोबर. कपटा खाली गेला. बदलली. बरोबर.

ट्रेव्हर घामाने निथळत होता. एरवी तो थोरली ओढता ओढता दुकानातल्या सॉसेजचा विचार करायचा, असं तो स्वतःच सांगे. आता तो हेझलच्या ओठांवर एक डोळा ठेवून होता.

मग घामाने भिजलेला कपटा सुटला आणि त्याच्या गळ्यावरून खाली घसरला. ट्रेव्हरची मान झटक्याने खाली गेली.

हाक होती की नव्हती?

रोवेनाची घंटा वर चढत होती. तोलावर पोचेपर्यंत ठरवायला हवं होतं. होती असं धरून वळली आणि नसली, तर सगळं कोसळणार. नव्हती असं धरून सरळ गेली आणि असली, तरी तेच. तिने घंटा तोलावर एका केसाएवढी जास्त थांबवली आणि दुसरीच्या दोराकडे पाहिलं. हाक असती तर निकोलाच्या नवऱ्याचा दोर थबकला असता. तो थबकला नाही. सरळ खाली आला. रोवेना त्याच्या मागे सरळ गेली. ठोका उशिरा पडला, कानाला टोचेल इतका उशिरा. पण जागा बरोबर होती.

ट्रेव्हरने गाल फुगवून हवा सोडली. आता कपटा नव्हता, नुसती ओरखड्याची रेघ होती. ती रेघेला धरून राहिली.

खिडकीतला उजेड भिंतीवरून सरकत कोपऱ्यात गेला. ज्युडिथबाई बाकाच्या कडेला बसून राहिल्या होत्या. दार उघडून परत जायची त्यांची छाती झाली नाही. तळहातांची आग होत होती. खांद्यांत कुणी तापलेले दगड ठेवले होते. रोवेनाला आता एकच भीती होती, की हे संपल्यावर ही रेघ सोडावी लागेल आणि मग सगळं परत अंगावर येईल.

आणि मग दोर सुटे व्हायला लागले. पेड उलगडत गेले. धाकटी, दुसरी, आपण, चौथी, पाचवी, थोरली. एकामागून एक, पायऱ्या उतराव्यात तसे. सुरुवातीला होते तसे. हेझलचे ओठ हलले ते तिने पाहिलं नाही. ट्रेव्हरने मान खाली घातली, ती परत वर केलीच नाही.

हेझल म्हणाली होती, "बस. झालं."

*

घंटा उभ्या राहिल्यावर निकोला रडत होती. ग्लिनने हात झटकले आणि जाकीट शोधत म्हणाला, "एक विचारू का? रागावू नका. नियमाप्रमाणे बाहेरच्या माणसाची मदत घेतली तर पील धरत नाहीत."

"कुणी घेतली मदत?" ट्रेव्हर म्हणाला.

"ज्युडिथबाईंनी ते टोपं—"

"तिला थंडी वाजत होती. तुला नव्हती वाजत? तुला नाही घातलं कुणी, म्हणून चिडतोस?"

"मी आपलं नियम सांगतोय."

"आणि तू मध्येच गप्पा मारत होतास," निकोलाचा नवरा ट्रेव्हरला म्हणाला.

हेझल दोर गुंडाळत होती. तिचे डोळे लाल होते पण आवाज साफ होता. "बाबा असते तर यावर पुढच्या ईस्टरपर्यंत भांडले असते," ती म्हणाली. "दोन्ही बाजूंनी. धरायची की नाही ते उद्या बघू. आज ती वाजली." मग ती रोवेनासमोर येऊन उभी राहिली, जवळ न जाता, आणि तळहात उघडून दाखवला. तिच्याही तळहाताला फोड आला होता. रोवेनाने आपला दाखवला.

नंतर सगळे चहाला खाली गेले. रोवेना वर गेली. टोप्या त्याच दिवशी काढायच्या असतात. कानटोपं तसंच होतं. चौकटीवर पोटावर पडून तिने थोरलीच्या पोटात टॉर्च टाकला. टोपी एका पट्ट्यावर लोंबत होती, दुसरा पट्टा मोकळा.

जिना करकरला. ट्रेव्हर वर आला आणि चौकटीच्या कडेला बसला. तिने एका कानावरचं टोपं बाजूला केलं. आवाज परत आला होता, थोडा घोगरा.

"दुसरा पट्टा मी खोचला नाही."

"दिसतंय."

"ज्युडिथबाई किल्ली विचारायला आल्या होत्या."

"मग त्यांची चूक."

"नाही. पट्टा माझ्या हातात होता."

ट्रेव्हरने हनुवटीवरचा ओरखडा चोळला. "तुला सांगू? थोरली माझ्या हातात, आणि पुढच्या ओढीला ती काय बोलणार ते मला कळेना. दीड तास. वेड लागायची पाळी आली होती." त्याने लोंबणाऱ्या टोपीकडे पाहिलं. "ती तुझी चिर्र... अशीच होती का?"

रोवेनाने विचार केला. "त्याहून बारीक," ती म्हणाली.

"हं." तो हसला नाही. मग हसला. "एवढा वेळ तर माझ्या बायकोने लग्नातसुद्धा माझ्या तोंडाकडे बघितलं नव्हतं."

"मी तोंडाकडे बघत नव्हते. तू नीट दाढी करत नाहीस."

"टॉर्च इकडे दे," ट्रेव्हर म्हणाला. "मी धरतो. तू दोन्ही हातांनी सोड."

तिने थोरलीची टोपी काढून पिशवीत ठेवली, कानटोपं परत नीट केलं आणि पाचवीकडे सरकली. तेवढ्यात खालून जिन्यावर पावलं वाजली आणि झडप हलली. ट्रेव्हर टॉर्च न हलवता मागे रेलला आणि पाय पसरून झडपेवर ठेवला.

"कोण आहे वर?" ज्युडिथबाईंचा आवाज आला. "रोवेना आहे का? तिच्यासाठी केक बाजूला काढून ठेवलाय, किती तुकडे—"

"आहे," ट्रेव्हर म्हणाला. "सगळे ठेवा. पण आत्ता वर येऊ नका. अजून पाच राहिल्यात."

रोवेनाने पाचवीचा पहिला पट्टा सोडला. मग दुसरा. खाली कुणी बोललं हे तिला कळलंच नाही.